पेन्सिलीतली ओळ

एकतीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला प्राध्यापकांनी उत्तर दिलं नव्हतं. तशी त्यांनी उत्तर न दिलेली पत्रं ढीगभर होती. परिसंवादांची निमंत्रणं, ‘आपला ग्रंथ वाचून भारावलो’ छापाची स्तुती, कुणाच्या तरी प्रबंधाला चार शब्द लिहून द्या म्हणून लावलेला लकडा. ती सगळी त्यांनी सुखानं रद्दीत घातली होती. हे एकच पत्र मोठ्या शब्दकोशाच्या चौथ्या खंडात ठेवलेलं होतं, आणि तेव्हापासून चौथ्या खंडातला शब्द अडला की प्राध्यापक अंदाजानं भागवत.

पत्र वहीतून फाडलेल्या रेघी कागदावर होतं. डोंगरातल्या एका लहानशा पंथाच्या प्रार्थनाघरात दिवा सांभाळणाऱ्या बाईनं ते लिहिलं होतं. प्राध्यापकांना ते पाठच होतं.

‘साहेब, आमच्या शाळेच्या बाईंनी तुमचं पुस्तक आणून आमच्याविषयीचं प्रकरण सगळ्यांना वाचून दाखवलं. दिव्याचं, पाण्याचं, गाण्याचं सगळं बरोबर आहे. पण तुम्ही लिहिलं आहे की शेवटी आम्ही दिव्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करतो, देव जाताना त्याला कोणी बघू नये म्हणून. आम्ही तसं करत नाही. शेवटी आम्ही दिव्याभोवती उभं राहून उद्या झाडायला कोण येणार ते ठरवतो आणि दिवा शांत करतो. सासूबाई नव्वदीच्या आहेत, त्यांनीही कधी असं पाहिलेलं नाही. तुम्ही कुठे पाहिलंत ते कळवावं. दुसऱ्या गावात करत असतील तर जाऊन बघू. आणि पूर्वी आमच्यातच करत असतील व आम्ही विसरलो असू, तर तेही कळवावं. म्हणजे परत सुरू करू.’

त्या शेवटच्या वाक्यानं प्राध्यापकांची तेव्हा जी अडचण झाली, ती पुढे सुटली नाही, नुसती जुनी झाली. बाईनं जाब विचारला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्यांनी तळटिपांसकट सात पानी उत्तर पाठवलं असतं. पण ती स्वतःच्या सासूपेक्षा यांच्यावर जास्त विश्वास ठेवून बसली होती. अशा माणसाला काय लिहायचं? उद्या लिहू, असं म्हणून त्यांनी पत्र कोशात ठेवलं.

प्राध्यापकांचा विषय धर्मांचा तौलनिक अभ्यास. स्वभाव भिडस्त, इतका की समोरून ओळखीचा विद्यार्थी येताना दिसला तर ते जिना बदलत. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘तळटीप’ म्हणत, कारण ते बोलतही पानाच्या तळाशी छापल्यासारखे, बारीक आवाजात. पण भिडस्त माणूस मनातून नम्र असतो हा एक गैरसमज आहे. प्राध्यापक मनातल्या मनात सगळ्या जगाला नापास करत असत. सहकाऱ्यांना तर बहुतेक तोंडी परीक्षेतच. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी विभागातल्या कोपऱ्यातली एक खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. तिथं बसून ते रोज दोन तास वाचत आणि चार तास मनातून लोकांची पिसं काढत.

त्या खुर्चीपर्यंत एक दिवस विभागप्रमुख चालत आला. हा त्यांचाच विद्यार्थी. पंचवीस वर्षांपूर्वी याचा प्रबंध त्यांनी तीनदा परत पाठवला होता, आणि चौथ्यांदा कंटाळून पास केला होता. त्या कंटाळ्याची फळं आता सगळा विभाग भोगत होता.

कॉलेजनं म्हणे आता सगळे अभ्यासक्रम रेकॉर्ड करून ठेवायचं ठरवलं होतं. विद्यार्थी घरबसल्या बघतील. ‘जगातल्या प्रार्थना’ नावाचा अभ्यासक्रम प्राध्यापकांच्या पुस्तकावर बेतायचा, आठ भागांचा. तिसरा भाग डोंगरातल्या त्या पंथावर.

“सर, तुमच्याकडे आहे ते सोनं आहे,” प्रमुख म्हणाला. “फक्त जरा आजच्या मुलांना झेपेल असं करायचं. दर सात मिनिटांनी पडद्यावर एक प्रश्न येतो. उत्तर चुकलं तरी बरोबरची हिरवी खूण देतो आपण, हिरमोड नको.”

“चुकलं तरी?” प्राध्यापकांनी विचारलं.

“प्रयत्न केला ना, सर.”

याचा प्रबंधही असाच पास झाला होता, हे प्राध्यापकांना आठवलं.

मग प्रमुखानं खरी गोष्ट काढली. तिसऱ्या भागाची सुरुवात ‘त्या’ प्रसंगानं करायची. मालिकेतला तो प्रसंग दाखवायचा आणि त्यावर हळूच सरांचा चेहरा आणायचा, हे सगळं ज्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते हे गृहस्थ, अशी ओळख करून देत.

मालिका गेल्या वर्षी आली होती. प्राध्यापकांच्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण कुणीतरी वाचलं होतं, किंवा वाचलेल्या कुणाला तरी भेटलं होतं, आणि त्यातून डोंगर, धुकं, खून आणि एक सुंदर पोलीस अधिकारी असं सगळं उभं केलं होतं. शेवटी पंथाचे लोक एकेक करून दिव्याकडे पाठ करतात, भिंतीला तोंड लावून उभे राहतात, आणि पोलीसबाईही पाठ करते. तेवढ्यात खुनी पळून जातो. सगळं जग रडलं. मग लोक वाढदिवसाला केकभोवती पाठ करून उभे राहू लागले, व्यायामशाळेत पाठ करू लागले, पाठमोरे फोटो काढून त्याखाली ‘जाऊ दे त्याला’ असं लिहू लागले. तसं छापलेला चहाचा मगही निघाला. प्राध्यापकांच्या मुलीनं त्यांना तो मोठ्या कौतुकानं पाठवला होता. ते त्यात पेन्सिली ठेवत.

प्राध्यापकांनी मालिकेचे चार भाग पाहिले होते, नाक मुरडून, पण पाहिले होते. रडणाऱ्या जगाचा त्यांना तिटकारा आला होता. ज्यांनी आयुष्यात कधी कुठल्या देवाला येताना पाहिलं नाही, ते त्याला जाताना न बघण्याचं सोंग करत होते. हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं होतं. ते कुणाला म्हणून दाखवावं असं माणूस मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

तरी ते रेकॉर्डिंगला हो म्हणाले. का म्हणाले, हे त्यांनी नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती, मुखपृष्ठावर पाठमोरी माणसं असणार होती. ज्या जगाला आपण नापास केलं त्याच जगानं आपल्याला पास करावं, ही हाव त्यांच्यातही होतीच.

स्टुडिओ म्हणजे विभागाच्या ग्रंथालयाची जुनी सूचीखोली. पूर्वी तिथं भिंतभर लाकडी खण होते, प्रत्येक खणात कार्डं. ते खण विकून टाकले होते आणि भिंत पोपटी रंगवली होती. या रंगामागे नंतर हवं ते दृश्य लावता येतं, असं रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीनं त्यांना समजावलं. ही पंचविशीतली, केस आखूड कापलेली, बोलायला सरळ. प्राध्यापकांना ती बरी वाटली, कारण तिनं ‘सर, मी तुमचं पुस्तक वाचलेलं नाही’ असं पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं. न वाचता वाचल्यासारखं करणाऱ्यांमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं.

तिनं त्यांना ‘सोबती’ दाखवला. हा कॉलेजनं आणलेला उत्तरं देणारा कार्यक्रम. विद्यार्थ्यानं काहीही विचारावं, सोबती क्षणात सांगतो. प्राध्यापकांनी दोन बोटांनी टाइप केलं, की त्या डोंगरातल्या पंथाची प्रार्थना कशी संपते.

सोबतीनं दम न घेता सांगितलं की भक्त दिव्याकडे पाठ करतात, जेणेकरून देवाला संकोच न होता निघता यावं, आणि ही प्रथा शेकडो वर्षं जुनी असून अनेक अभ्यासकांनी तिची नोंद केली आहे.

“कुणी पाहिली ते विचारता येतं का?” प्राध्यापकांनी विचारलं.

“विचारा की.”

सोबतीनं अकरा लेखांची यादी दिली.

ते अकरा लेख प्राध्यापकांनी चार दिवसांत काढून वाचले. पहिल्यानं त्यांच्या पुस्तकाचा हवाला दिला होता. दुसऱ्यानं त्यांच्या पुस्तकाचा आणि पहिल्या लेखाचा. तिसरा नुसताच ‘हे सर्वश्रुत आहे’ म्हणून पुढे गेला होता. सातव्यात भिंतीकडे बघण्यातला सत्तासंबंध उलगडून दाखवला होता. नवव्यात सातव्याची चिरफाड होती. अकरावा विभागप्रमुखाचा होता. अकरा विद्वान, आणि डोंगरात जायला बसनं दीड दिवस लागतो. एकालाही ते जमलं नव्हतं. प्राध्यापकांनी लेखांच्या समासात प्रत्येकासाठी एकेक विशेषण लिहिलं. ती विशेषणं इथं देण्यासारखी नाहीत. बाराव्यासाठी, म्हणजे या सगळ्यांच्या आधी लिहिणाऱ्या स्वतःसाठी, त्यांना विशेषण सुचेना.

कारण ते स्वतः गेले होते खरे. नऊ दिवस राहिले होते, पाण्याचं, दिव्याचं, गाण्याचं बारीकसारीक टिपलं होतं. त्यांची एक शिस्त होती. जे डोळ्यांनी पाहिलं ते कार्डावर शाईनं लिहायचं, आणि जो आपला तर्क असेल तो पेन्सिलीनं. ही शिस्त त्यांनी पुढे दोन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांत तेल घालून शिकवली. नवव्या दिवशी मोठी प्रार्थना होती. ती लांबली. खाली उतरायला आठवड्यातून एकच बस होती आणि तिची वेळ झाली. गाणं चालू असतानाच ते उठून निघाले. शेवट काही त्यांनी पाहिला नाही. बसमध्ये गुडघ्यावर कार्ड धरून त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘शेवटी बहुधा दिव्याकडे पाठ करत असावेत. देव जाताना त्याला कोणी बघू नये म्हणून?’

रविवारी सकाळी त्यांच्या लेकीनं फोनवर एक चित्रफीत पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘बाबा, तुमची माणसं!’

केस बांधलेला एक तरुण डोंगर चढत होता आणि चढता चढता स्वतःकडेच बघत बोलत होता. मग तेच प्रार्थनाघर. खिडक्यांना नवा रंग. आत साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी पाठीवर बॅगा लावलेली. गाणं संपलं आणि सगळे वळले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. या पंथानं आपली हरवलेली प्रथा पुन्हा जिवंत केली आहे, असं तरुण कुजबुजला.

एक म्हातारी वळली नव्हती. दिव्याजवळ, दिव्याकडे बघत, दोन्ही हात खाली सोडून ती एकटी उभी होती.

स्वच्छ कपड्यांतल्या एका गृहस्थानं बाहेर येऊन खुलासा केला. त्या आमच्या जुन्या दिवेवाल्या बाई. वय झालं, विसरतात. समितीनं आता किल्ली दुसऱ्यांकडे दिली आहे. पुस्तकात लिहिलेलं आहे, एका मोठ्या प्राध्यापकांनी ते स्वतः पाहिलेलं आहे, आता आणखी काय पाहिजे?

तरुणानं म्हातारीला गाठून विचारलं, आजी, तुम्ही का नाही वळलात?

“मी त्यांना पत्र घातलं होतं,” म्हातारी म्हणाली. “कुठं पाहिलंत म्हणून विचारलं होतं. उत्तर आलं की मी पण वळेन.”

यावर चित्रफितीत हशा भरला होता, विकतचा, डब्यातला. खाली अक्षरं उमटली, ‘आजी रॉक्स’. चार लाख लोकांना हे आवडलं होतं.

प्राध्यापकांनी ती फीत तीनदा पाहिली. मग फोन पालथा घातला आणि स्वयंपाकघरात गेले. बायको टेबलाशी बसून मटार सोलत होती. तिनं चाळीस वर्षं टायपिंग केलं होतं, अर्धी ऑफिसात आणि अर्धी नवऱ्याचं. समोरच्या माणसाचं वाक्य संपायच्या आधीच तिला शेवट कळत असे, आणि तो सहसा आवडत नसे.

तिनं फीत पाहिली. फोन परत दिला.

“पेन्सिलीत होती ती ओळ,” ती म्हणाली.

प्राध्यापक उभेच राहिले. त्यांना वाटलं होतं की हे फक्त त्यांना आणि त्या कार्डाला ठाऊक आहे.

“मी विचारलं होतं तुम्हाला. अहो, ही पेन्सिलीतली घेऊ का, म्हणून. तुम्ही दाढी करत होतात. म्हणालात, घे.”

“घे म्हणालो?”

“घे, आणि ते ‘बहुधा’ काढ, म्हणालात. वाक्य लंगडतं म्हणे त्यानं. प्रश्नचिन्ह पण काढायला लावलंत. माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण तेवढ्यासाठी मला अख्खं पान परत टाइप करावं लागलं.”

“मग तू काही बोलली का नाहीस? इतकी वर्षं?”

“तुम्ही मला बोलायला ठेवलं होतंत की टाइप करायला?” तिनं एक शेंग फोडली. “आणि वाक्य छान होतं. मलाही वाटलं, असेलच खरं. इतकं छान आहे तर.”

प्राध्यापक खुर्चीवर बसले. मुद्रितंही त्यांनी स्वतः तपासली होती, स्वल्पविराम धरून. त्या ओळीपाशी थांबलेही होते. प्रकरण त्या ओळीवर संपत होतं, आणि उद्या झाडायला कोण येणार यावर जगातलं कुठलंच प्रकरण संपत नाही, निदान त्यांना तेव्हा तसं वाटलं असतं. सगळ्या परीक्षणांत उतरलेलं पुस्तकातलं एकुलतं एक वाक्य ते होतं. बाकीची चारशे पानं त्यांनी खरी लिहिली होती, म्हणून ती कुणी वाचली नव्हती.

“किल्ली काढून घेतली तिची,” ते म्हणाले.

“ऐकलं मी.”

“काय करू?”

“मला काय विचारता? तुमच्याकडे पत्र आहे ना तिचं. कोशाच्या चौथ्या खंडात.”

तेही तिला ठाऊक होतं. प्राध्यापकांनी चार शेंगा सोलल्या आणि दाणे सालांच्या ताटात टाकले.

पण पत्र लिहिणं त्यांच्या जिवावर आलं. भिडस्त माणसाला हजारांसमोर बोलणं एकासमोर बोलण्याहून सोपं वाटतं, कारण हजारांना चेहरा नसतो. त्यांनी ठरवलं की कॅमेऱ्यासमोरच सांगून टाकायचं. एकदा जाहीर झालं की डोंगरातही पोचेल, समितीलाही कळेल, किल्ली परत मिळेल. बाईला वेगळं लिहायची गरजच उरणार नाही. चुकीतून निसटण्याचा हा फार उदात्त मार्ग होता.

बुधवारी ते पोपटी भिंतीसमोर उभे राहिले. रेकॉर्डिंगवाल्या मुलीनं त्यांच्या सदऱ्याला बारकासा माइक लावला, प्रमुख कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा राहिला. मालिकेतला प्रसंग पडद्यावर येऊन गेला. मग प्राध्यापकांनी बारीक आवाजात सांगितलं की ही प्रथा त्यांनी पाहिलेली नाही, कुणीच पाहिलेली नाही. तो त्यांचा तर्क होता, तो खरा म्हणून छापला आणि त्याबद्दल विचारणारं पत्र आलं तरी गप्प बसले. सगळं मिळून तीन मिनिटं. सात मिनिटांचा प्रश्न यायच्या आतच झालं.

मुलीनं कॅमेरा बंद केला. प्रमुख पुढे आला आणि त्यानं त्यांचा हात हातात घेतला.

“सर, फार धाडसाचं बोललात. खरा अभ्यासक असाच असतो. आपण हे ‘विविध मतप्रवाह’ या सदरात घालू.”

“हे मत नाही,” प्राध्यापक म्हणाले. “मी बस पकडायला गेलो होतो.”

“म्हणजे तुमच्या दृष्टीनं, सर. पण आता ते लोक करतात ना? मग ती प्रथा झालीच. उलट हे जास्त इंटरेस्टिंग आहे. तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्हाला ते आतून जाणवलं!”

प्राध्यापकांनी त्याच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी चौथ्यांदा प्रबंध परत पाठवायला हवा होता. पण याला शिकवलं कोणी? शाई आणि पेन्सिलीची शिस्त यानं सरांच्या तोंडून ऐकली होती, आणि सरांच्या पुस्तकातून तिचा उपयोग शिकला होता. त्यांनी आपला हात सोडवून घेतला.

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंगवाल्या मुलीनं त्यांना स्टुडिओत बोलावलं. तिचा चेहरा पडलेला होता. भाग चढवला की सोबती आपोआप त्याचा सारांश तयार करतो. तिसऱ्या भागाचा सारांश असा होता, की प्राध्यापकांनी अत्यंत विनम्रपणे आपल्या संशोधनाच्या मर्यादा मान्य केल्या, तथापि त्यांनी प्रथम नोंदवलेली पाठमोरी प्रार्थना आज सर्वमान्य आहे.

“मी तीनदा बदललं, सर,” ती म्हणाली. “तो परत तेच लिहितो. त्याच्याकडे अकरा लेख आहेत आणि तुम्ही एकटे.”

प्राध्यापकांना सोबतीवर दात-ओठ खावेसे वाटले, पण जमलं नाही. त्या यंत्रानं वेगळं काय केलं होतं? वाक्य लंगडत होतं, म्हणून ‘बहुधा’ काढलं. ते त्यांचंच पोर शोभत होतं. विभागप्रमुखापेक्षा तर नक्कीच जास्त.

“डोंगरातले लोक हे बघतील का?” त्यांनी विचारलं.

“बघितलं तर सारांश बघतील. भाग कोण बघतं, सर?”

ते घरी आले आणि टेबलाशी बसले. दुपारभर लिहीत होते. संध्याकाळी चहाच्या वेळी बायकोपुढे नऊ पानं ठेवली. त्यात क्षेत्रकार्यातल्या अडचणी होत्या, त्या काळची बससेवा होती, तर्क आणि निरीक्षण यांच्यातल्या सीमेविषयी दोन पानं होती, आणि तळाशी सहा टिपा.

तिनं चष्मा लावून पहिलं पान वाचलं, नऊही पानं उलटी करून ठेवली.

“तिनं काय विचारलं होतं?”

“कुठे पाहिलं.”

“मग तेवढंच सांगा ना.”

त्यांनी परत लिहायला घेतलं. आधी पेन्सिलीनं लिहिलं, सवयीनं. मग तो कागद बाजूला ठेवून शाईचं पेन काढलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं.

‘बाई, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मी एकतीस वर्षं लावली. मी तेव्हाही लिहू शकत होतो. लाजेनं लिहिलं नाही. तुम्ही विचारलं होतं, हे मी कुठे पाहिलं. कुठेच पाहिलं नाही. प्रार्थना संपायच्या आधी मी बस पकडायला निघून गेलो, आणि शेवट बसमध्ये मनानं लिहिला. दुसऱ्या कुठल्या गावातही असं करत नाहीत. तुम्ही लोक काहीही विसरलेला नाहीत. तुमच्या सासूबाईंचं बरोबर होतं आणि तुमचंही बरोबर आहे. उत्तर आलं की वळेन, असं तुम्ही म्हणालात. हे उत्तर आहे. वळू नका. हे पत्र प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं आणि समितीलाही दाखवावं, मला कुणी काही म्हणेल याची पर्वा करू नये. सोबत मूळ कार्ड पाठवतो. त्यावर काय पेन्सिलीत आहे ते कुणालाही दिसेल. उद्या झाडायला कोण येणार हे तुम्ही ठरवता, ते माझ्या पुस्तकात यायला हवं होतं.’

कार्ड शोधायला वेळ लागला नाही. प्राध्यापकांच्या घरात चौदा खोकी होती, सगळी क्रमवार लावलेली, आणि त्या कार्डाची जागा त्यांचा हात डोळे मिटूनही सांगू शकला असता. कडा पिवळ्या पडल्या होत्या. पेन्सिल थोडी पुसट झाली होती, पण ‘बहुधा’ नीट वाचता येत होतं आणि शेवटचं प्रश्नचिन्ह तर चांगलं ठसठशीत होतं. बसच्या धक्क्यानं त्याचं शेपूट लांबलं होतं.

“झेरॉक्स काढून ठेवा,” बायको म्हणाली.

“नको.”

“अहो, उद्या तुम्हालाच कुणी विचारलं तर?”

“मला कोण विचारतंय?” असं म्हणून त्यांनी कार्ड पाकिटात सरकवलं.

पत्ता त्यांनी चौथा खंड उघडून तिच्या पत्रावरून उतरवला. ती अजून तिथंच राहत असेल की नाही, तिला आता वाचता येत असेल की नाही, समितीतला तो स्वच्छ गृहस्थ पत्र मधल्यामध्ये दाबेल की काय, अशा सगळ्या शंका त्यांच्या मनात एकदम येऊन गेल्या. मालिकेनं, अकरा विद्वानांनी आणि चार लाख लोकांनी एका बाजूला उभं राहायचं आणि दुसऱ्या बाजूला हा एक कागद. जग त्यांना नेहमीइतकंच टाकाऊ वाटत होतं. नापासांच्या यादीत आपलंच नाव वर आहे, इतकाच काय तो फरक पडला होता.

पोस्टात सकाळी गर्दी नव्हती. खिडकीमागच्या कारकुनानं पाकीट हातात घेऊन वजन केलं, पत्ता वाचला.

“साधं की रजिस्टर?”

“पोचल्याची सही येते, तसलं.”

“आत काय आहे? कडक लागतंय काहीतरी.”

“एक कार्ड आहे,” प्राध्यापक म्हणाले. “जुनं.”

“डोंगरातलं आहे हे. पाच-सहा दिवस लागतील. घाई असेल तर फोनवरून फोटो पाठवा ना, आजोबा. लगेच पोचतो.”

“नको. तिनं पत्र घातलं होतं.”

कारकुनाला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्यानं शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट न बघताच मागच्या पोत्यात टाकलं. प्राध्यापक खिडकीशी तसेच उभे राहिले.

“आणखी काही?” कारकुनानं विचारलं.

“नाही,” ते म्हणाले, आणि मागे एक माणूस पार्सल धरून ताटकळत होता, त्याला वाट द्यायला बाजूला झाले.